नुकसानभरपाईचे वकील

शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, असें आपल्याकडील वडील माणसें पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलीं आहेत. बांधाच्या वीतभर जमिनीवरून तीन पिढ्या भांडणाऱ्या भाऊबंदांना हा उपदेश अगदीं योग्य आहे. परंतु ज्याचा उजवा हात यंत्रांत गेला, किंवा जिचा नवरा रात्रपाळीस म्हणून गेला तो परत आलाच नाहीं, त्यांनीं कोणती पायरी चढावी, हें त्या म्हणींत सांगितलेलें नाहीं. अशा माणसांना कोर्टाची पायरी चढावीच लागते. ती चढतांना ज्यांचा हात धरावा लागतो, त्या वकिलांच्या धंद्याविषयीं आजच्या भाषणांत थोडी माहिती द्यावयाची आहे.

सुशिक्षित घरांतून वकील म्हटला कीं डोळ्यांपुढें उभी राहते ती उच्च न्यायालयाची इमारत, जाड ग्रंथांनीं भरलेलीं कपाटें आणि उलटतपासणींतील शब्दांची चकमक. येथें ज्यांचा विचार करावयाचा आहे ते वकील इतके दिमाखदार नसतात. पश्चिम रेल्वेनें विरार मागें टाकून उत्तरेस निघालें म्हणजे कांहीं स्थानकांनंतर पालघर लागतें, मग उमरोळी आणि मग बोईसर. बोईसरच्या पश्चिमेस समुद्राकडे तारापूर. तेथील अणुवीज केंद्र १९६९ सालीं सुरू झालें आणि तें देशांतील पहिलें. स्टेशन आणि समुद्र यांच्या दरम्यान तारापूर औद्योगिक वसाहत पसरली आहे. रसायनें, रंग, औषधें, कापड, पोलाद असे नाना तऱ्हेचे कारखाने तींत आहेत. रूळ ओलांडून पूर्वेस गेलें कीं वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे सुरू होतात. वसाहतींत राबणारा मजूर या पाड्यांवरचा असतो, किंवा उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा अशा दूरच्या मुलखांतून पोटासाठीं आलेला असतो. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून वेगळा झाला. तोंपर्यंत जिल्ह्याच्या प्रत्येक कामासाठीं कज्जेदारास ठाणें गाठावें लागे, आणि त्या फेरींत त्याची दिवसाची मजुरी बुडे ती वेगळीच.

अशा ठिकाणच्या वकिलाच्या पाटीवर ‘कामगार नुकसानभरपाई’ आणि ‘कौटुंबिक वाद’ हे दोन विषय शेजारीं शेजारीं लिहिलेले दिसले, तर बाहेरच्या माणसास नवल वाटतें. एक विषय यंत्राचा, दुसरा चुलीचा. त्यांचा एकमेकांशीं संबंध काय, असें त्यास वाटतें. वस्तुतः पुष्कळदां हे दोन्ही विषय एकाच पदरांत बांधून एकच बाई येते. नवरा अपघातांत गेला, ही तिची पहिली हकीकत. आणि ती त्याची बायको आहे हें सासरचीं माणसें मान्य करीत नाहींत, ही दुसरी. दुसरीचा उलगडा झाल्यावांचून पहिलीचा पैसा तिच्या हातीं पडत नाहीं. म्हणून ज्यास कारखान्याचा कायदा येतो पण लग्नाचा येत नाहीं, तो वकील अर्ध्या वाटेवरच थांबतो.

वकिलाचें शिक्षण मात्र या दोहोंची गांठ कोठेंच घालून देत नाहीं. कायद्याच्या पदवीस कामगार कायद्याची प्रश्नपत्रिका वेगळी आणि कुटुंब कायद्याची वेगळी. सनद मिळते, पाटी लागते, आणि मग एखाद्या ज्येष्ठाच्या हाताखालीं तारखा घेण्यांत व नकला काढण्यांत पहिलीं वर्षें जातात. खरें शिक्षण तेथेंच होतें. मौजेची गोष्ट अशी कीं, या दोन्ही क्षेत्रांत कायद्यानें वकिलासाठीं दार अर्धवटच उघडें ठेविलें. औद्योगिक कलहाच्या १९४७ च्या कायद्यानें प्रतिपक्षाच्या संमतीवांचून व न्यायाधिकरणाच्या परवानगीवांचून वकिलास उभें राहूं दिलें नाहीं. १९८४ च्या कुटुंब न्यायालयांच्या कायद्यानेंही वकील हा पक्षकाराचा हक्क मानला नाहीं. गरिबाचें भांडण वकिलांनीं लांबवूं नये, हा त्यांतील हेतु. नुकसानभरपाईच्या आयुक्तापुढें मात्र तसा अडसर नव्हता. तेथें वकीलही चाले आणि कामगार संघटनेचा कार्यकर्ताही चाले. हे आयुक्त कोठें कामगार न्यायालयाचे न्यायाधीश असत, तर कोठें वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश.

हा कायदा कसा आला हें थोडक्यांत पाहिलें पाहिजे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं गिरणींत मेलेल्या मजुराच्या बायकोस १८५५ च्या प्राणांतिक अपघातांच्या कायद्याचा तेवढा आधार होता. दावा आणावयाचा आणि मालकाची चूक शाबीत करावयाची! ज्या यंत्रशाळेंत तिनें कधीं पाऊलही टाकलें नाहीं, तेथील चूक त्या निरक्षर बाईनें कशी शाबीत करावी? जर्मनीनें १८८४ सालीं आणि इंग्लंडनें १८९७ सालीं आपापल्या परीनें यावर तोड काढली. चूक कोणाची हें विचारावयाचें नाहीं. अपघात कामांतून उद्भवला काय आणि काम चालू असतां झाला काय, एवढेंच विचारावयाचें. हिंदुस्थानांत हें तत्त्व १९२३ च्या कायद्यानें आलें आणि १ जुलै १९२४ पासून अंमलांत आलें. मुंबईच्या सोशल सर्व्हिस लीगचे नारायण मल्हार जोशी त्या काळीं मध्यवर्ती कायदेमंडळांत कामगारांच्या वतीनें नेमलेले सभासद होते. पुढें १९२९ सालीं नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगावरही ते होते. आरंभींच्या कायद्यांत मृत्यूबद्दल तीस महिन्यांचें वेतन मिळे, पण २,५०० रुपयांच्या वर नाहीं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या जुन्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली आहे. सांगाडा बहुतांशीं तोच आहे. आणि त्या दिवसापूर्वीं घडलेल्या अपघातांचें मोजमाप जुन्या कायद्यानेंच होतें. खालील आकडे म्हणूनच जुन्या कायद्याचे समजावे.

अपंगत्वाचें कोष्टक वाचतांना मन कांहींसें चरकतें. हाताचा अंगठा गेला तर कमाईची शक्ति शेंकडा ३० गेली असें धरावयाचें. सबंध तर्जनीस १४, मधल्या बोटास १२, अनामिकेस किंवा करंगळीस ७. दुसरा शाबूत असून एक डोळा गेला तर ४०. शाळेंत ज्या बोटांवर मुलें बेरीज शिकतात, त्याच बोटांची ही बेरीज! हिशेब असा चाले. कामगार तीस वर्षांचा आणि वेतन दरमहा १५,००० रुपये असें समजूं. जानेवारी २०२० पासून हीच वेतनाची कमाल मर्यादा होती. प्रत्यक्ष पगार जास्त असला तरी हिशेबांत १५,००० च येत. त्याचे शेंकडा ६० म्हणजे ९,०००. तीस वर्षांच्या वयास गुणक २०७.९८. गुणाकार १८,७१,८२० रुपये. ही संपूर्ण व कायमच्या अपंगत्वाची रक्कम. अंगठ्याबद्दल तिचे शेंकडा ३०, म्हणजे ५,६१,५४६ रुपये.

पण कोष्टक पाठ असणें ही वकिली नव्हे. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. कोष्टकाप्रमाणें तो अंशतः अपंग. परंतु एका हातानें सुतारकाम होत नाहीं. तेव्हां सुतार म्हणून तो संपूर्णच अपंग झाला, असें सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर १९७५ मध्यें ठरविलें. त्याच निकालांत असेंही सांगितलें कीं, भरपाई देणें होतें तें अपघाताच्या दिवसापासून, आयुक्ताच्या हुकुमाच्या दिवसापासून नव्हे. महिन्याभरांत पैसे न भरल्यास दरसाल दरशेंकडा १२ व्याज, आणि विलंबास सबळ कारण नसेल तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड, अशी तरतूद होती. वसाहतींतला जाणता वकील म्हणूनच पहिल्या भेटींत तारीख आणि धंदा हे दोन शब्द ठळक अक्षरांत लिहून घेतो. तिसरा प्रश्न राज्य विम्याचा. कामगाराचा तो विमा उतरलेला असेल तर मालकावर भरपाईचा दावा चालत नाहीं, विमा महामंडळाकडेच जावें लागतें. चुकीच्या दारावर दोन वर्षें थाप मारून बसलेले लोक कांहीं थोडे नाहींत.

ठेकेदाराचा प्रश्नही येथेंच येतो. कारखानदार म्हणतो, माणूस माझा नव्हता, ठेकेदाराचा होता. आणि ठेकेदाराचा पत्ता अपघातानंतर बहुधा सांपडत नाहीं. कायद्यानें यावर साधा उपाय केला होता. ज्याच्या धंद्याचें काम चाललें होतें त्या मुख्य मालकानें आधीं पैसे द्यावे, आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावे. विधवेनें ठेकेदाराच्या मागें धांवूं नये.

आतां मृत्यूच्या प्रकरणांकडे वळूं. ११ जानेवारी २०२० रोजीं सायंकाळीं तारापूरच्या वसाहतींत, बांधकाम चालू असलेल्या एका कारखान्यांत स्फोट होऊन आठ माणसें मृत्युमुखीं पडलीं. २१ ऑगस्ट २०२५ रोजीं तेथेंच एका औषधांच्या कारखान्यांत वायुगळती होऊन चार कामगार गेले. अशा वेळीं वर्तमानपत्रांत सरकारी मदतीचा आकडा छापून येतो, आणि वाचणाऱ्यास वाटतें कीं घरच्यांची सोय झाली. ती मदत म्हणजे भरपाई नव्हे. भरपाईचा हिशेब वेगळा. वरच्याच तीस वर्षांच्या कामगाराचा मृत्यु झाला असतां, वेतनाचे शेंकडा ५० धरून १५,५९,८५० रुपये होतात. येथें आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कामगार दारू प्याला होता, त्यानें सुरक्षेचा नियम मोडला, हा बचाव लहानसहान दुखापतीस चाले. मृत्यु आला असेल किंवा माणूस कायमचा संपूर्ण अपंग झाला असेल, तर तो मालकास घेतां येत नसे. पाड्यावरच्या बाईस ही गोष्ट ठाऊक नसते. “तुझ्या नवऱ्याचीच चूक होती,” असें कोणीं दरडावून सांगितलें कीं ती मान खालीं घालते.

आणि मग कागद पुढें येतो. तेराव्याच्या आंत कोणी तरी मध्यस्थ स्टँपपेपर घेऊन झोंपडींत येतो. पन्नास हजार, फार तर लाखभर रुपये हातांवर ठेवून, यापुढें आमची कांहीं तक्रार नाहीं अशा मजकुराखालीं अंगठा उठवून घेतो. जो कायदा अंगठ्याची किंमत शेंकडा ३० धरतो, त्याच कायद्यानें अशा अंगठ्याची किंमत शून्य ठरविली आहे. हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल. एवढेंच नव्हे तर मृत्यूची भरपाई मालकानें वारसाच्या हातीं परस्पर दिली तर ती दिली असें धरलेंच जात नसे. तीन महिन्यांच्या वेतनाइतकी उचल तेवढी मान्य होई. सारी रक्कम आयुक्ताकडे भरावयाची, आणि ती कोणास किती द्यावयाची हें आयुक्तानें ठरवावयाचें. सावकारास त्या रकमेवर जप्ती आणतां येत नसे.

येथवर काम कामगार कायद्याचें झालें. पैसा आयुक्ताच्या खात्यांत सुरक्षित पोंचला. आतां तो कोणाचा?

कायद्यानें आश्रितांची यादी दिली आहे. पहिल्या ओळींत विधवा, औरस किंवा दत्तक अल्पवयी मुलगा, अविवाहित मुलगी आणि विधवा आई. यांना आपण कमाईवर अवलंबून होतों असें शाबीत करावें लागत नाहीं. बाप जिवंत असलेली आई, बाप, अल्पवयी भाऊ, अल्पवयी विधवा बहीण हे मागच्या ओळींत. त्यांना तें शाबीत करावें लागतें. बायको कामावर मेली तर नवराही मागच्याच ओळींत! यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें मिळवता तो पुरुषच होता, हें यावरून उघड होतें.

विधवा हा शब्द वाचावयास सोपा आहे. परंतु समजा, पालघर तालुक्यांतल्या एका पाड्यावरची वारली बाई वकिलापुढें बसली आहे. बारा वर्षें संसार झाला, तीन मुलें झालीं. लग्न केव्हां झालें असें विचारतां ती शांतपणें सांगते कीं लग्न अजून राहिलें आहे. शहरांतल्या माणसाच्या भुवया येथें वर जातील. त्या तशा जाऊं नयेत. वारल्यांचें लग्न म्हणजे सवाशिणींनीं तांदळाच्या पिठानें काढलेला चौक, त्यांतली पालघट देवी, धवलेरीनें म्हटलेलीं गाणीं आणि साऱ्या पाड्याचें जेवण. त्यास पैसा लागतो. पैसा नसला तर जोडपें एकत्र नांदूं लागतें आणि विधि पुढें ढकलतें. कित्येकदां आईबापांचा विधि मुलांच्या लग्नाबरोबर होतो. समाज त्यांना नवराबायकोच मानतो.

या पैशाच्या अडचणीनें एके काळीं काय केलें हें डहाणू-तलासरीकडील जुन्या माणसांनीं आपल्या वडिलांकडून ऐकलें आहे. लग्नासाठीं जमीनदाराकडून कर्ज घेणारा वारली ‘लग्नगडी’ होई; कर्ज फिटेपर्यंत त्यानें आणि त्याच्या बायकोनें त्या जमीनदाराकडे राबावयाचें, आणि कर्ज तर फिटत नसे. मुंबई सरकारचे अधिकारी सिमिंग्टन यांनीं १९३९ च्या आपल्या अहवालांत या वेठबिगारीची नोंद केली. २३ मे १९४५ रोजीं झरी येथें वारल्यांची परिषद भरली आणि वेठ करावयाची नाहीं असें त्यांनीं ठरविलें. त्या चळवळीच्या पुढाऱ्यांत गोदावरी परुळेकर होत्या. त्यांनीं कायद्याची पदवी घेतलेली होती, हें येथें मुद्दाम सांगण्यासारखें आहे. मजुरीचा प्रश्न आणि लग्नाचा प्रश्न या भागांत तेव्हांही एकाच दोरींत ओंवलेले होते.

आतां कायदा काय म्हणतो? १९५५ चा हिंदु विवाह कायदा अनुसूचित जमातींस, केंद्र सरकारनें तशी अधिसूचना काढल्यावांचून, लागू नाहीं. त्यांच्या बाबतींत रूढि हाच कायदा. पण रूढि शाबीत करावी लागते, आणि ती पुस्तकांतून होत नाहीं, माणसांच्या तोंडून होते. विमा कंपनीचा वकील विवाहनोंदणीचा दाखला मागतो. सर्वोच्च न्यायालयानें २००६ सालीं सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे आदेश दिले हें खरें. तरी नोंद नाहीं म्हणून लग्नच नाहीं असें होत नाहीं. मग शिधापत्रिका, मतदारयादी, मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरचें बापाचें नांव, दवाखान्यांतील बाळंतपणाची नोंद, असा एकेक कागद जमवावा लागतो. हें सारें कौटुंबिक वकिलाचें काम, पण होतें तें नुकसानभरपाईच्या दाव्यांत.

परप्रांतीय मजुराचें दुखणें निराळें. बायको गांवीं, कमाई बोईसरला. तिनें येथें येऊन राहावें तरी कोठें? १९९५ च्या दुरुस्तीनें, अर्जदार जेथें राहतो तेथेंही दावा करण्याची मुभा मिळाली. ती बिहारांत बसून अर्ज करूं शकते. क्वचित् असेंही होतें कीं गांवीं एक संसार आणि येथल्या चाळींत दुसरा. मुंबई इलाख्यांत हिंदूंच्या द्विभार्या विवाहास १९४६ सालींच कायद्यानें बंदी झाली, देशभर ती १९५५ सालीं झाली. पण माणसें कायदा वाचून संसार थाटीत नाहींत. महाराष्ट्रांतील एका प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ठरविलें कीं, पहिलें लग्न लपवून दुसरें करणाऱ्यास, तें लग्न बेकायदा होतें असें सांगून पोटगी चुकवितां येणार नाहीं. म्हणजे तो जिवंत असेल तर फसविल्या गेलेल्या दुसरीस पोटगी मिळेल. तो यंत्रांत मेला तर ‘विधवा’ या शब्दांत तिला बसविणें मात्र मोठें कठीण. तिचीं मुलें कायद्यानें औरस, ती स्वतः कोणीच नाहीं. हा न्याय विचित्र आहे, पण वकिलास तो त्या बाईच्या तोंडावर सांगावा लागतो.

सासू-सुनेचें भांडण तर नित्याचेंच. दोघी विधवा, दोघी पहिल्या ओळींत, आणि दोघींच्याही डोळ्यांतलें पाणी खरें. सून पुन्हां लग्न करील आणि पैसा परक्या घरीं जाईल, ही सासूची भीति. सासू पैसा धाकट्या मुलाकडे वळवील, ही सुनेची. आयुक्ताचें एक कलम येथें फार उपयोगी पडे. स्त्रियांची व अल्पवयी मुलांची रक्कम त्यास गुंतवून ठेवतां येई, आणि पुढें आईनें किंवा बापानें मुलांची हेळसांड केल्याचें दिसून आलें तर वांटणीचा हुकूम बदलतांही येई. कामगार कायद्याच्या पोटांत दडलेला हा कुटुंब कायदाच होय. चांगला वकील अशा वेळीं उलटतपासणीपेक्षां दोघींना एका बाकावर बसवून मुलांच्या नांवें किती ठेवावयाचे हें आधीं ठरवून घेतो. त्यांत त्याची फी वाढत नाहीं.

फीविषयींही सांगितलें पाहिजे. मिळणाऱ्या रकमेंत हिस्सा ठरवून वकिलानें काम घेऊं नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. तो मोडला जातो, आणि मोडला जातो तो बहुधा जिला आंकडे वाचतां येत नाहींत तिच्याच बाबतींत. वास्तविक १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणें स्त्रिया, अनुसूचित जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांस मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पाड्यावरच्या त्या बाईस तो हक्क निदान दोन कारणांनीं पोंचतो. तिला तो कोणीं सांगितलेला नसतो, एवढेंच.

धीर मात्र लागतो. धाराशिव जिल्ह्यांत साखर कारखान्याचा एक पहारेकरी २२ एप्रिल २००३ रोजीं पहाटे मोटारसायकलवरून कामावर निघाला. कारखाना पांच किलोमीटरवर राहिला असतां अपघातांत तो गेला. आयुक्तानें २००९ सालीं भरपाई दिली. २०११ सालीं उच्च न्यायालयानें ती काढून घेतली. कारण अपघात वाटेंत झाला, कामावर नव्हे. २९ जुलै २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ती परत दिली आणि ठरविलें कीं, प्रवासाची वेळ, जागा व परिस्थिति यांचा नोकरीशीं संबंध जुळत असेल तर घरापासून कामापर्यंतची वाटही नोकरींतच मोडते. नव्या संहितेंतही तशी तरतूद आहे. एका मोटारसायकलच्या वाटेचा उलगडा होण्यास बावीस वर्षें लागलीं. भल्या पहाटे पालघर-मनोर रस्त्यानें पाळीवर जाणाऱ्या किती जणांना आज त्याचा आधार आहे!

ती वारली बाई अजून वकिलाच्या टेबलापुढें बसलेलीच आहे. पिशवींतून तिनें शिधापत्रिका काढली आहे, कारखान्याच्या दारावरचा नवऱ्याचा पास काढला आहे, थोरल्या मुलाचा आश्रमशाळेचा दाखला काढला आहे. वकील यंत्राविषयीं अजून कांहींच विचारीत नाहींत. ते विचारतात, “बाई, तुमच्या पाड्यावरची धवलेरी कोण? ती हयात आहे का?” बाई मान हलवून होय म्हणते, म्हातारी आहे, डोळ्यांनीं कमी दिसतें, पण साऱ्या घरांचीं नातीं तिला पाठ आहेत. वकील कारकुनास हांक मारतात आणि उद्यां सकाळची पहिली एस. टी. किती वाजतां सुटते हें पाहावयास सांगतात.